गार्गीच्या नावाचा नवस

कण्णूर,
६ एप्रिल

ती. चारूताईस सा. न.

फोनवर विचारता आलं असतं, पण मोठी गोष्ट कागदावर ही आपल्या घरची रीत तूच घातलीस. मी स्पोर्ट्स हॉस्टेलला गेलो तेव्हा माझी पत्रं लाल शाईनं तपासून परत पाठवायचीस. आताही तपास, पण या वेळी उत्तरही दे.

आमचा फुटबॉलचा संघ वरच्या श्रेणीत गेला. शेवटच्या सामन्यानंतर पोरांनी मला खांद्यावर घेतलं आणि पाडलं. कंबर अजून धरलेली आहे, पण ताई, असं पडायला मी रोज तयार आहे. मे महिन्यात माझा प्रशिक्षकाचा करार संपतो. पुढं कुठं जाऊ, हा प्रश्न आहे.

इथेच राहावं तर मालक भला माणूस. पण नवे खेळाडू घेण्याचं नाव काढलं की त्याला मंदिराचा उत्सव आठवतो. याच पोरांना घेऊन वर खेळलो तर पुढच्या वर्षी आपटणार, आणि खापर फुटणार ते माझ्या डोक्यावर. दुसरं बोलावणं हुगळी स्पोर्टिंगचं. कोलकात्याचा जुना, मोठा क्लब. मी लहानपणी ज्याच्या खेळाडूंचे फोटो कापून वहीत चिकटवायचो, तो. पण ते म्हणतात, एकच वर्ष या, मग पाहू. एका वर्षात संघाची ओळखसुद्धा होत नाही. मला तीन वर्षं हवी आहेत.

आणि तिसरं बोलावणं तुझ्या गल्लीतून आलंय! महादेवरावांचा फोन आला होता. त्यांच्या पोरींचा संघ यंदा राज्याच्या लीगमध्ये उतरतोय म्हणे. "सर, तुमी फक्त हो म्हना, बाकी मी पाह्यतो," म्हणाले. एवढ्या उत्साहाच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, तयारीला लागा.

चाळिशी उलटली, ताई. आता पाऊल चुकलं तर जन्मभर दुसऱ्या फळीत. तुझं मत कळव. जिजाजींना नमस्कार.

तुझा,
विक्रम

●

हुडकेश्वर,
१४ एप्रिल

चि. विक्रमला अनेक आशीर्वाद.

पत्रात चुका तीनच आहेत, म्हणजे प्रगती आहे. चौथी चूक शुद्धलेखनाची नाही. "तयारीला लागा" असं तू महादेवरावांना म्हणालास ती.

बाबा रे, त्या माणसाला तू अजून ओळखत नाहीस. कुहीकडची धानाची शेती भावाकडे सोपवून तो पोरीच्या शिक्षणासाठी इथं आला. त्याच्या प्लॉटच्या चारी बाजूंनी बिल्डिंगी उठल्या, याने मात्र तिथं गोलपोस्ट रोवले. कारण काय, तर मिनलला खेळायला जागा हवी होती. मिनल माझ्याच शाळेची. वर्गात शेवटच्या बाकावर झोपायची आणि मधली सुटी झाली की वाऱ्यासारखी पळायची. आता ती त्या संघाची कॅप्टन आहे.

तर तुझा फोन ठेवल्यावर त्याने काय केलं असेल? चौकात फ्लेक्स लावला! हे एवढं मोठं तुझं तोंड, त्याखाली "मुख्य प्रशिक्षक", वर "नागपूरचा वाघ घरी येतोय". खाली शुभेच्छुकांचे फोटो, त्यात तुझे जिजाजी. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही. आमच्या लग्नातला फोटो कुठून मिळवला देव जाणे, मुंडावळ्या तेवढ्या कापल्यात. ते दोन दिवस चौकातून गेले नाहीत, तिसऱ्या दिवशी मुद्दाम तीनदा गेले.

आता गंभीर. मिनलची ओडिशातल्या एका अकादमीत निवड झाली आहे. जूनच्या सात तारखेपर्यंत हजर व्हायचं आहे. पण पोरगी म्हणते, विक्रम सर इथं येणार असतील तर मी काहून जाऊ? तेव्हा तुझं काय ते नक्की कर आणि स्पष्ट सांग. कोलकात्याला जायचं तर जा, आम्ही पेढे वाटू. तू इथं आलास तर मला काय वाटेल ते तुला माहीत आहे. म्हणूनच मी ते लिहीत नाही.

भाचीला, गार्गीला, पापा. सुरुचीला सांग, कैरीचं लोणचं पाठवते आहे.

ताई

●

कण्णूर,
२४ एप्रिल

ती. ताई,

लोणचं पोचलं. मिनलचं वाचलं, हुशार आहे पोरगी. काढू मार्ग.

हुगळीवाले घोळ घालताहेत. एका वर्षाचं दोनवर आले आणि तिथंच बसले. तेव्हा तू एवढं कर, महादेवरावांना इतक्यात काही बोलू नकोस. मी येणार नाही असंही नको, येणार असंही नको. उत्साह राहू दे त्यांचा. दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे.

आणि हो, त्या फ्लेक्सचा एक चांगला फोटो मला मोबाइलवर पाठव. माझा चेहरा आणि "मुख्य प्रशिक्षक" ही अक्षरं नीट दिसली पाहिजेत. गार्गीला बघायचा आहे.

विक्रम

●

हुडकेश्वर,
३ मे

चि. विक्रमला आशीर्वाद.

फोटो पाठवला तो मिळाला असेल. मिनलनेच काढला. मी काढला तेव्हा निम्मा विजेचा खांबच आला होता. मग ती समोरच्या ओट्यावर चढली, म्हणाली, "मॅडम, सरले सांगा, मी काढला." सांगितलं.

महादेवरावांनी मैदानाच्या कडेची खोली झाडून घेतली आहे. प्रशिक्षकांची खोली म्हणे. रंग कोणता लावू, हे मला विचारायला घरी आले होते. मी म्हटलं, विक्रमला निळा आवडतो. तू सांगितलंस तसंच वागले, ना हो म्हटलं ना नाही. पण रंग सांगितला म्हणजे हो म्हटल्यासारखंच झालं की रे! मला हे बरं वाटत नाही. लवकर कळव.

ताई

●

कण्णूर,
१३ मे

ताई, ताई, ताई!

तीन वर्षं! हुगळी स्पोर्टिंगनं काल सही केली. पुढच्या तीन वर्षांसाठी मुख्य प्रशिक्षक. सुरुचीनं घरात शिरा केला, गार्गी कोलकात्याचा नकाशा काढून बसली आहे.

आणि हे कुणामुळे झालं माहीत आहे? तुझ्यामुळे! त्यांच्या सचिवाला मी तो फ्लेक्सचा फोटो पाठवला. लिहिलं, माझं गाव मला पूर्ण मोकळीक देऊन बोलावतंय, चौकात जाहीरसुद्धा करून टाकलंय, दोन दिवसांत उत्तर द्या. दुसऱ्या दिवशी करार आला. धंद्यात हे असंच चालतं, ताई, सगळेच करतात. एक दार वाजवायचं ते दुसरं उघडावं म्हणून.

महादेवरावांना तूच सांभाळून सांग. मी फोन केला तर ते रडतील, आणि मला ते जमत नाही. म्हणावं, एकदा येऊन पोरींचं शिबिर घेऊन जाईन. तुझ्या शब्दाला तिथं मान आहे.

जिजाजींना सांग, पेढे हल्दीराम... नको, आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातलेच घ्या.

विक्रम

●

हुडकेश्वर,
२१ मे

विक्रम,

पेढे आणले नाहीत.

तुझं पत्र दोनदा वाचलं. फोटो गार्गीला बघायचा आहे असं तू लिहिलं होतंस. मी त्या मिनलला ओट्यावर चढवलं रे. ती हौसेनं चढली, आणि तो फोटो तू बाजारात नेलास. अभिनंदन करायला हात उचलला तर तो फोटो डोळ्यांसमोर येतो. तू मला तोंडघशी पाडलंस, हे मी स्पष्ट लिहिते.

पण आता जे लिहिणार आहे ते माझं आहे, आणि ते तुझ्याहून वाईट आहे.

परवा संध्याकाळी मी मैदानावर गेले. सांगायचंच, असं ठरवून गेले. खोलीला निळा रंग लागला होता. महादेवराव स्वतः ब्रश घेऊन उभे, दाढीलासुद्धा रंग. त्यांची बायको प्रयागबाई कुहीचा तांदूळ निवडत बसलेली, "सरच्या घरी पाठवाचा हाये, तिकडं असा नाई भेटत." पोरींनी माझ्याभोवती कडं केलं, मिनल मधे. "मॅडम, सर कधी येऊन राह्यले?"

माझ्या तोंडून भलतंच निघालं. मी म्हटलं, गार्गी आजारी आहे.

काय झालं विचारलं, तर म्हटलं, डॉक्टर अजून नीट सांगत नाहीत, उपचार कोलकात्याला आहेत, म्हणून विक्रमला तिकडची नोकरी धरावी लागते आहे. सगळं कसं सरळ निघत गेलं. जन्मभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं, आणि स्वतः बोलायची वेळ आली तेव्हा एकदाही अडखळले नाही. करायला गेले गणपती, झाला मारुती.

पुढं ऐक. महादेवरावांनी ब्रश खाली ठेवला. तिथंच, मैदानाच्या कडेला चप्पल काढली, कोराडीच्या देवीच्या दिशेनं हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "आई, त्या लेकराले बरं कर. ते बरी होत नाई तवरीक मी पायात चप्पल घालनार नाई." मी म्हटलं, अहो, ऊन काय आहे, असं नका करू. तर म्हणाले, "मॅडम, सर परके हायेत का?"

मिनल म्हणाली, "मी वाट पाह्यते सरची. गार्गी बरी झाली का येतीन ते."

घरी आले आणि जिजाजींना सांगितलं. ते त्या रात्री जेवले नाहीत. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, विक्रम. काय करू, सांग.

ताई

●

कण्णूर,
२८ मे

ताई,

माझ्या मुलीला मधे कशाला आणलंस? माझं नाव घ्यायचं होतंस, माझे पाय मोडले म्हणायचं होतंस. सुरुचीनं पत्र वाचलं. ती तुझ्यावर चिडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "ताईंनी झाकलं, पण झाकण्यासारखं केलं कुणी?" तेव्हापासून आमच्यात कामापुरतं बोलणं चालू आहे.

गार्गीनं विचारलं, "बाबा, माझ्यासाठी कोण चप्पल घालत नाहीये?" ती दाराआडून ऐकत होती. मी सांगितलं, गावचे एक आजोबा. "का?" म्हणाली. मी फोन आल्यासारखं करून बाहेर गेलो.

उपाय सोपा आहे. महादेवरावांना सांग, गार्गी बरी झाली. ते चप्पल घालतील, विषय संपला. आजच सांग.

विक्रम

●

हुडकेश्वर,
१ जून

विक्रम,

स्पीड पोस्टनं पाठवते आहे. थोडंच लिहिते.

बरी झाली म्हणून सांगू? आणि मग ते विचारतील, "मंग सर कधी येतेत?" तेव्हा काय सांगू? दुसरं कुणाला आजारी पाडू? तू आजारामुळे आला नाहीस असं मी सांगून बसले आहे. आजार गेला की तुला यावंच लागतं. हे तुझ्या ध्यानात येत नाही, की येऊनही तू मलाच पुढं ढकलतो आहेस?

नवतपा चालू आहे. दुपारी डांबर वितळतंय. जिजाजी काल चौकात थांबले, म्हणाले, गाडीत बसा, सोडतो. महादेवराव बसले. तळपायाला फोड आलेत. जिजाजींनी स्वतःच्या चपला पुढं केल्या, म्हणाले, गाडीत तर घाला, देवीला दिसत नाही. ते हसले आणि म्हणाले, "मले तं दिसते ना." किराणा दुकानात बायका मला विचारतात, "भाची कशी हाये वं मॅडम?" मी दुकान बदललं आहे.

आणि मिनलची तारीख सात जून. तू येणार नाहीस हे तिला आज कळलं तर ती जाईल. नाही कळलं तर ती इथं तुझी वाट बघत बसेल आणि तिकडची जागा जाईल. हा आता तुझा-माझा मान राखण्याचा प्रश्न नाही.

मी तीनदा गेले सांगायला, तीनदा परत आले. माझ्याच्यानं होत नाही. तू ये.

ताई

●

कोलकाता,
९ जून

ती. ताई,

चार तारखेला मी नागपूरला आलो होतो. तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतो आणि तुझ्या दारात आलो नाही. तुझ्या हातचा चहा घेऊन मग तिथं जायची हिंमत झाली नसती, आणि तिथून निघाल्यावर तुझ्यासमोर बसायची झाली नाही.

विमानतळावरून थेट मैदानावर गेलो. चौकात तो फ्लेक्स अजून आहे. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा पाहिलं आणि म्हणाला, "तुमीच ना ते, सर? पोरगी कशी हाये?" मी म्हटलं, बरी आहे. तेवढं तर खरंच होतं.

महादेवराव चुन्याच्या रेघा मारत होते. मला बघून धावत आले, त्या पायांनी. मिठी मारली. म्हणाले, "लेकराले सोडून काहून आले, सर?" तिथंच मी सांगून टाकलं. उभ्या उभ्या. गार्गी आजारी नाही, कधीच नव्हती. कोलकात्याला मी माझ्या मर्जीनं गेलो. मोठा क्लब आहे म्हणून गेलो. मला इथं यायचंच नव्हतं, पहिल्या दिवसापासून नव्हतं, आणि तुमचा फ्लेक्स दाखवून मी तिकडचा करार वाढवून घेतला. आणि हे आजाराचं खोटं मीच ताईला बोलायला लावलं.

शेवटचं वाक्य मी तुझ्यासाठी बोललो. ते तेवढं राहू दे.

ताई, मला वाटलं होतं ते शिव्या देतील. मी त्याची तयारी करून गेलो होतो. मैदानावर हजारो लोकांच्या शिव्या खाल्ल्यात मी. त्यांनी विचारलं, "पन पोरगी बरी हाये ना?" मी म्हटलं, हो. "नक्की ना गा?" पहिल्यांदाच मला ते 'गा' म्हणाले, घरच्या पोराला म्हणावं तसं. मी मान हलवली. मग ते खाली बसले आणि चुन्याच्या डब्याला झाकण लावू लागले.

मिनल सगळं ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, "थो फोटो मी काढला थोच का, सर?" मी हो म्हटलं. ती खोलीत गेली. माझ्यासाठी रंगवलेल्या खोलीत. पाठीवर बॅग घेऊन बाहेर आली आणि वडलांना म्हणाली, "बाबा, ओडिशाचं तिकीट काढा." माझ्याकडे पाहिलं नाही. सहा तारखेला ती निघाली, हे मला जिजाजींनी फोनवर सांगितलं. म्हणजे मी त्यांची कॅप्टनही नेली.

निघताना महादेवराव फाटकापर्यंत आले. खरंच अडचणीत पडल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "सर, एक सांगा मले. पोरगी बिमारच नव्हती, तं मंग आता ते बरी कधी होईन? मी चप्पल कधी घालू?"

मी रिक्षात बसलो. इथं आल्यापासून सराव, पत्रकार, सत्कार, सगळं चालू आहे. काल माझ्या गळ्यात हार घातला तेव्हा मी बुटांकडे पाहत होतो.

विक्रम

●

हुडकेश्वर,
२० जून

चि. विक्रमला आशीर्वाद.

तू माझं खोटं स्वतःवर घेतलंस. पत्र वाचून मी रडले, आणि खरं सांगते, आधी मला सुटल्यासारखं वाटलं. चला, आपलं नाव नाही आलं. दोन दिवस मी त्या सुटकेत राहिले. किराणा दुकानही पुन्हा जुनंच धरलं. मग तिथं प्रयागबाई भेटली आणि माझ्या पिशवीत स्वतः गूळ घालत म्हणाली, "मॅडम, तुमाले भावानं खोटं बोलाले लावलं, तुमाले किती तरास झाला असन." तिथून सरळ मैदानावर गेले.

महादेवरावांना सांगितलं, विक्रमनं मला काही बोलायला लावलं नव्हतं. ते माझं मी बोलले. गार्गीचं नाव मी घेतलं.

आणि विक्रम, त्यांना राग आला. तुझ्यावर आला नव्हता, तो माझ्यावर आला. "सरनं मले फसवलं, त्याचं काई नाई, थो माझा येडेपना. पन मॅडम, लेकराच्या नावावर बिमारी घेतली तुमी? असं बोलत असते का कोनी? तोंडातून निघालेलं लागत असते लेकरांले." मी मान खाली घालून उभी. एवढी शिकलेली मी, असल्या गोष्टींना हसणारी, आणि माझ्या अंगावर काटा आला. आपल्या आईनंही हेच म्हटलं असतं, आणि माझ्या थोबाडीत मारली असती.

मग त्यांनी विचारलं, "तिचा वाढदिवस कधी असते?" मी सांगितलं, सतरा ऑगस्ट. बोटांवर महिने मोजले आणि म्हणाले, "तवरीक असाच राह्यतो. वाढदिवस नीट पार पडला का घालतो चप्पल. तुमचं बोललेलं त्या पोरीले लागाले नाई पायजे."

तर हे असं आहे. जिच्या नावानं आपण दोघांनी त्यांना फसवलं, तिच्यावर काही येऊ नये म्हणून ते चालताहेत. पाऊस अजून धड पडत नाही. सकाळी चुना घेऊन फिरताना दिसतात, उरलेल्या पोरींना स्वतःच शिकवतात, त्यांना ऑफसाइड अजून कळत नाही. त्यांची चाल बदलली आहे, टाच टेकत नाहीत. मी माझ्या पायांतली चप्पल काढली तर म्हणाले, "तुमी घाला मॅडम, तुमाले साखर हाये."

आजवर मी तुला कधी हुकूम केला नाही, कानपिचक्या दिल्या. आज करते. सतरा ऑगस्टला गार्गीला घेऊन इथं ये. सुरुचीला आण. तिघं मिळून त्यांच्या पाया पडा. काहीही असलं तरी ये.

ताई

●

कोलकाता,
१९ जुलै

ती. ताईस सा. न.

उत्तराला महिना लावला. तुझं पत्र खिशात घेऊन फिरत होतो. वाचून झालं की घडी घालायचो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायचो.

सामन्यांचा कार्यक्रम काल जाहीर झाला. सतरा ऑगस्टला, रविवारी, आमचा पहिला सामना आहे. इथलाच जुना प्रतिस्पर्धी. शहरातल्या भिंती आताच रंगल्या आहेत. मी सचिवाला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं, हे खरं. पण मी त्या भीतीनं विचारलं नाही असंही नाही. मी विचारलं नाही कारण मला त्या दिवशी मैदानाच्या कडेला उभं राहायचं आहे. याच दिवसासाठी मी हे सगळं केलं. लाजेनं माझी मान वर होत नाही, आणि तरी मी येणार नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, हे मला माहीत नव्हतं.

सुरुची आणि गार्गी सोळाला पोचतील. गार्गीला मी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बाबा, तुम्ही का नाही येत?" सांगितलं. नंतर तिनं सुरुचीला महादेवआजोबांच्या पायाचं माप विचारायला सांगितलं आहे. मला नाही सांगितलं.

मी का आलो नाही, हे ते विचारतीलच. माझ्यासाठी काही बनवू नकोस, ताई. या वेळी कुणी आजारी नाही. विक्रमचा सामना आहे, एवढंच सांग.

विक्रम